टाकी भरली, हे पंपाला कोण सांगणार?

२०१६ च्या एप्रिलमधली गोष्ट. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होते. आमच्या सोसायटीनेही पाणी जपून वापरायचे ठरवले. कुणी शॉवर सोडून बादलीवर आले, कुणी भाजी धुतलेले पाणी कुंड्यांना घालू लागले. आणि रोज सकाळी पावणेसातच्या सुमारास आमच्या गच्चीवरची टाकी भरभरून वाहत होती!

कारण साधे होते. पंपाला टायमर लावलेला होता. सहाला सुरू, पाऊण तासाने बंद. एरवी टाकी रात्रीत रिकामी व्हायची, म्हणून हिशेब जमायचा. आता आम्ही वाचवलेले पाणी टाकीत शिल्लक राहत होते आणि पंप ठरलेला पाऊण तास चालतच होता. वाचवलेले सगळे गटारात. नियंत्रणशास्त्र हा विषय मी तंत्रनिकेतनात वर्षानुवर्षे शिकवला. तेच माझ्या डोक्यावरच्या गच्चीत घडत होते, याची मला लाज वाटली.

अशा व्यवस्थेला इंजिनिअर ‘ओपन लूप’ म्हणतात. हुकूम द्यायचा आणि परिणामाकडे पाहायचे नाही. आपले जुने घटिकापात्र आठवा. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. ती चोवीस मिनिटांत बुडाली की एक घटका झाली. लग्नाचे मुहूर्त यावर साधले जात. पण भोकात कण अडकला तर वाटी उशिरा बुडणार, आणि आपले चुकले हे तिला कळायचा काही मार्ग नाही.

याउलट ‘क्लोज्ड लूप’मध्ये परिणामाची खबर परत हुकूम देणाऱ्याकडे येते. ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टेसिबियस नावाचा कारागीर होऊन गेला. त्याच्या जलघड्याळात पाण्याची धार एकसारखी राहण्यासाठी तरंगता गोळा वापरला होता, असे मानतात. पातळी वाढली की गोळा वर चढून पाण्याची वाट बंद करी, पातळी उतरली की वाट मोकळी होई. आपल्या संडासाच्या टाकीतला बॉलकॉक हा त्याचाच वंशज. पुढे सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाने अंडी उबवण्याच्या पेटीची उष्णता आपोआप कायम राखणारी युक्ती बसवली.

पण जगाचे लक्ष या तत्त्वाकडे वेधले ते वाफेच्या एंजिनाने. लंडनमध्ये थेम्सच्या काठी अल्बियन मिल्स ही पिठाची मोठी गिरणी होती. तिथे जात्याच्या दोन दगडांमधले अंतर सांभाळण्यासाठी फिरत्या गोळ्यांचे एक साधन बसवलेले होते. पवनचक्कीवाले ते आधीपासून वापरत. १७८८ मध्ये मॅथ्यू बोल्टनने ते पाहिले आणि आपला भागीदार जेम्स वॅट याला पत्राने कळवले. वॅटने ते एंजिनाच्या वाफेच्या झडपेला जोडले. एंजिनाचा वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात, झडप मिटू लागे आणि वेग उतरे. वेग कमी झाला की गोळे आत येत, झडप उघडे. झडपेपाशी माणूस उभा करायची गरज उरली नाही. यालाच गव्हर्नर म्हणतात. वॅटने त्याचे पेटंट घेतले नाही, कारण मूळ कल्पना त्याची नव्हतीच.

पुढे गंमत झाली. एंजिने जास्त सफाईदार बनू लागली तसे काही गव्हर्नर बिघडल्यासारखे वागू लागले. वेग वाढला की झडप गरजेपेक्षा जास्त मिटे, मग वेग फारच पडे, मग झडप जास्त उघडे. एंजिन झोके खाऊ लागे. आंघोळीचे पाणी गार लागले म्हणून आपण गरम नळ सोडतो, गरम पाणी यायला वेळ लागतो, म्हणून नळ आणखी सोडतो आणि शेवटी पोळून घेतो. हा तोच प्रकार. खबर येते, पण उशिरा येते, आणि उपाय वाजवीपेक्षा मोठा होतो.

हे झोके कधी विरतात आणि कधी वाढत जातात, याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये गव्हर्नरांवरच्या निबंधात मांडले. वीज आणि चुंबकत्वाची समीकरणे देणारा हाच तो मॅक्सवेल. १८७७ मध्ये एडवर्ड राउथने ते गणित अधिक व्यापक केले. पुढे १९२७ च्या ऑगस्टमध्ये हॅरल्ड ब्लॅक हा बेल प्रयोगशाळेतला तरुण इंजिनिअर हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर निघाला होता. दूरच्या टेलिफोनवर आवाज विकृत होई, त्यावर तो उपाय शोधत होता. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून पुन्हा आत सोडायचा, ही कल्पना त्याला बोटीतच सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावर त्याने ती खरडली. पेटंट मिळायला मात्र १९३७ साल उजाडले.

मग क्लोज्ड लूप आला की सगळे ठीक? मीही तसेच समजत होतो. आम्ही टायमर काढून फ्लोट स्विच बसवला. पाणी वाहायचे थांबले, माझे कौतुकही झाले. दोन वर्षांनी एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजींनी दार ठोठावले. “अहो सर, काल दुपारपासून थेंब नाही हो!” गच्चीवर जाऊन पाहिले, तर फ्लोट वरच्या बाजूला पाइपाच्या खाचेत अडकलेला. टाकी कोरडी ठणठणीत, आणि पंपाला खबर जात होती की टाकी भरलेली आहे.

याच चुकीची फार मोठी किंमत जगाने मोजली आहे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियात आणि २०१९ च्या मार्चमध्ये इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने कोसळली. ३४६ माणसे गेली. विमानाच्या नाकाचा कोन सांभाळणारी स्वयंचलित यंत्रणा एकाच संवेदकावर विसंबून होती. त्याने चुकीचा कोन कळवला आणि यंत्रणा नाक पुन्हा पुन्हा खाली ढकलत राहिली. नंतर ती दोन संवेदक ताडून पाहील, असा बदल केला गेला.

आमच्याकडे आता टाकीत दोन फ्लोट आहेत. शिवाय दर रविवारी वॉचमन शिडी लावून झाकण उघडतो आणि पाणी डोळ्यांनी पाहून येतो. खाली आल्यावर तो आधी तिसऱ्या मजल्यावर जाऊन आजींना सांगतो आणि मग मला.