वहिवाटीचा मुलूख

निसर्गाला झळ न लावता सुट्टी घालवण्याची तजवीज करणारा प्रवासी आज इंग्लंडच्या ग्रामीण भागाकडे वळला, म्हणजे शेताशेतांतून गेलेल्या सार्वजनिक पायवाटा, अल्प दराची वसतिगृहे आणि डोंगरपठारांवर मुक्त संचार करण्याचा कायदेशीर अधिकार, या गोष्टी त्याला आयत्या हाती लागतात. आणि त्या सर्व अलीकडच्या पर्यावरणचिंतेतून उपजल्या असाव्यात, अशी त्याची समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु इतिहासाचे दफ्तर चाळले असता दिसते ते निराळेच. हा संभार मोठ्या अंशी अशा माणसांनी उभा केला, की ज्यांच्या गाठीला पैसा नव्हता आणि ज्यांना वर्षाकाठी जेमतेम आठवडाभर, तोही बहुधा बिनपगारी, मोकळा मिळत असे.

त्यांच्या आधी या प्रदेशाचे सौंदर्य सुखवस्तू रसिकांच्या मालकीचे होते. टॉमस वेस्ट याने १७७८ साली सरोवर-प्रांताची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तेव्हा सृष्टीकडे पाठ करून रंगीत बहिर्गोल आरशात तिचे प्रतिबिंब न्याहाळण्याचा शिरस्ता सभ्य प्रवाशांत रूढ होता. वर्ड्‌स्वर्थने त्यापुढे पाऊल टाकले आणि हा प्रदेश म्हणजे एक प्रकारची राष्ट्राची ठेव होय, असा विचार आपल्या मार्गदर्शिकेत मांडला; तथापि केंडाल ते विंडरमिअर आगगाडी आणण्याचा प्रस्ताव १८४४ साली पुढे आला, तेव्हा कारखान्यांतील अशिक्षित मजुरांचे लोंढे या एकांताचा भंग करतील आणि त्यांना स्वतःलाही त्यापासून काही लाभ होणार नाही, या भीतीने तोच कवी त्या प्रस्तावाविरुद्ध उभा राहिला. त्याच्या प्रतिभेविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे, पण येथे त्याचा न्याय चुकला असे मला निःसंशय वाटते. गाडी १८४७ साली सुरू झाली, आणि ज्यांच्या येण्याची त्याला धास्ती वाटत होती, त्यांच्याच वर्गाने पुढे या भूमीच्या रक्षणासाठी पदरचे पैसे खर्चिले: नॅशनल ट्रस्ट या १८९५ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९०२ साली डरवेंट सरोवराकाठचे ब्रँडलहाउ हे रान लोकवर्गणीतून विकत घेतले, तेव्हा कामगारांच्या शिलिंगा-दोन शिलिंगांच्या देणग्याही त्या निधीत जमा झाल्या.

लँकेशर परगण्यातील कापडगिरण्यांची गावे वर्षातून एकदा ‘वेक्स’च्या आठवड्यात सर्वस्वी बंद होत. अमेरिकेतील यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, वऱ्हाड-खानदेशचा कापूस ज्यांच्यासाठी मुंबई बंदरातून भरभरून गेला, त्याच या गिरण्या. सुट्टी लागली की धुराड्यांखालचे सारे गाव ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर लोटे आणि वर्षभराची शिल्लक तेथे उधळून परते. कोल्न गावचे धर्मोपदेशक टी. ए. लेनर्ड यांना हे पाहवेना. त्यांनी १८९१ साली आपल्या मंडळीतील तीसेक तरुणांना सरोवर-प्रांतातील अँबलसाइडला नेले, आणि तेथे दिवसभर डोंगर तुडवणे, साधे जेवण घेणे व एकत्र राहणे असा क्रम आखला. त्यातूनच १८९३ साली सहकारी तत्त्वावर सुट्ट्यांची व्यवस्था करणारी संस्था निघाली. सुट्टी स्वस्त असावी, ती पायी घालवावी आणि जेथे जावे तेथील लोकांवर व भूमीवर आपला भार पडू नये, ही तिची धारणा होती. आजच्या पर्यावरणस्नेही प्रवासाच्या कल्पनेत याहून फारसे काही अधिक असल्याचे मला दिसत नाही.

परंतु डोंगर डोळ्यांना दिसत असले तरी पायांना मोकळे नव्हते. मँचेस्टर व शेफील्ड या दोन औद्योगिक नगरांच्या मधोमध पसरलेली पठारे जमीनदारांनी ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवली होती. वर्षातील काही थोडे दिवस बंदुकांचे बार काढता यावेत म्हणून उरलेले सारे वर्ष तेथे रखवालदारांचा पहारा असे. डोंगरांवर जाण्याचा हक्क मागणारे विधेयक जेम्स ब्राइस यांनी १८८४ साली पार्लमेंटात मांडले, पण ते तडीस गेले नाही. अखेर २४ एप्रिल १९३२ या रविवारी, हेफील्ड गावाजवळच्या दगडाच्या खाणीत सुमारे चारशे तरुण जमले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन हा वीस वर्षांचा कामगार, स्थानकावर पोलीस अडवतील म्हणून मँचेस्टरहून सायकलीवर आला होता. सभा झाली आणि सारे किंडर स्काउट या पठाराच्या चढाला लागले. वाटेत रखवालदारांशी झटापट झाली. सहा जणांना अटक झाली व पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या कैदेच्या शिक्षा सुनावण्यात आल्या. त्या शिक्षा अतिक्रमणाबद्दल नव्हत्या, कारण केवळ परक्याच्या जमिनीत पाऊल टाकणे हा फौजदारी गुन्हाच नव्हता. आरोप होते दंगा व मारहाण अशा स्वरूपाचे, आणि ज्युरीत भरणा होता लष्करी अंमलदारांचा व जमीनदारांचा. पदभ्रमण करणाऱ्यांच्या जुन्या संघटनांना हा मार्ग नापसंत होता, हे नमूद केले पाहिजे. पण त्या शिक्षांनी देशभर जो क्षोभ उसळला, त्याने या मागणीला कधी नव्हे इतके बळ आले. सत्तर वर्षांनंतर, २००२ साली, त्या जमिनीचे तत्कालीन मालक असलेल्या घराण्याचे वंशज डेव्हनशरचे ड्यूक यांनी त्याच परिसरात जाहीरपणे क्षमा मागितली.

त्याच १९३२ साली झालेल्या कायद्यान्वये, ज्या वाटेवरून जनता वीस वर्षे निर्वेधपणे जात-येत आली असेल ती वाट सार्वजनिक वहिवाटीची समजावी, असे ठरले. रात्रीच्या निवाऱ्याचा प्रश्न त्याआधीच, १९३० साली, युवक-वसतिगृहांच्या संस्थेने हाती घेतला होता. एका शिलिंगात रात्रीचा बिछाना मिळे. इतिहासकार ट्रेव्हेल्यन हे तिचे पहिले अध्यक्ष होते. या वसतिगृहांचा नियम असा होता की, येणाऱ्याने पायी अथवा सायकलीवरच यावे. मोटारीतून उतरलेल्यास दार बंद. चादरीची शिवलेली पिशवी ज्याची त्याने आणावी, आणि सकाळी निघण्यापूर्वी व्यवस्थापक नेमून देईल ते काम, मग ते जिना झाडण्याचे असो, बटाटे सोलण्याचे असो की भांडी घासण्याचे, करून मगच पाठीवर पिशवी चढवावी. बँकेतला कारकून व सूतगिरणीतली मुलगी एकाच मोरीपाशी उभे राहून ताटे विसळत. महायुद्धाच्या तोंडावर अशी वसतिगृहे तीनशेच्या घरात गेली होती.

पुढचा वृत्तांत कायद्यांचा आहे. १९३८ साली भरपगारी सुट्टीचा कायदा झाला. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा होऊन पायवाटांचे अधिकृत नकाशे तयार करण्याची जबाबदारी परगण्यांवर आली. १९५१ साली पीक डिस्ट्रिक्ट, म्हणजे किंडरचाच परिसर, हे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले. १९६५ साली पेनाइन पर्वतरांगेची दीर्घ पायवाट खुली झाली, आणि २००० सालच्या कायद्याने पठारांवर सर्वांनाच संचाराचा अधिकार दिला. मात्र पायांचाही भार भूमीला होतो. पेनाइन वाटेवरील ओली पीटमाती हजारो बुटांखाली तुडवली जाऊन वाटेची रुंद, काळी दलदल झाली. तेव्हा लँकेशरच्या पाडलेल्या गिरण्यांच्या जमिनीतल्या दगडी फरश्या आणून त्या मातीवर अंथरण्यात आल्या. काही फरश्यांवर यंत्रे ठोकून बसवल्याची भोके अजून दिसतात. ज्या फरशीवर उभे राहून आजोबांनी माग चालवला, तिच्यावरून नातवाने डोंगर चढावा, यात मला या इतिहासाची खरी परिणती दिसते.

आजची उणीव वाटेची नाही, वाहनाची आहे. पीक डिस्ट्रिक्टमध्ये येणारे बहुसंख्य लोक मोटारीतून येतात, आणि खोऱ्यांतील अरुंद रस्ते सुट्टीच्या दिवशी त्यांनी तुंबून जातात. हेफील्डचे रेल्वे-स्थानक १९७० साली बंद करण्यात आले, हा निर्णय मला अत्यंत अदूरदर्शी वाटतो. पण किंडरच्या दुसऱ्या बाजूचे ईडेल अद्याप चालू आहे, वर्ड्‌स्वर्थने विरोध केलेली विंडरमिअरची गाडीही चालू आहे. सुट्टीचा बेत आखणाऱ्याने मुक्कामाचे स्थळ आधी ठरवून मग वाहन शोधण्याऐवजी आगगाडीचे वेळापत्रक प्रथम पुढ्यात घ्यावे. मँचेस्टर किंवा शेफील्डहून ईडेलला उतरले, की पेनाइन वाटेचा आरंभ स्थानकापासून चालत गाठता येतो.