नाईकीपासून ग्रामसभेपर्यंत

पुणे जिल्ह्याच्या 1885 च्या गॅझेटियरमध्ये जांभोरीच्या होन्या केंगलेची हकीकत जेमतेम एका परिच्छेदाची आहे. 1873 पासून त्याने सह्याद्रीच्या या पट्ट्यात सावकारांवर छापे घातले, कर्जाचे रोखे हिसकावले, काहींची नाके कापली. सरकारने त्याच्यावर 1000 रुपयांचे बक्षीस लावले, साथीदारांवर 200 ते 600. 1876 मध्ये मेजर डॅनियलने त्याला पकडले. सुप्यातला सावकारविरोधी दंगा 12 मे 1875 चा. म्हणजे दख्खनच्या ज्या दंग्यांवर चौकशी आयोग बसला आणि पुढे जाडजूड ग्रंथ निघाले, त्यांच्या दोन वर्षे आधी महादेव कोळ्यांच्या डोंगरात ही आग पेटली होती. अभ्यासक्रमात मात्र सुपे येते, जांभोरी येत नाही.

गॅझेटियर होन्याच्या माणसांना ‘टोळी’ म्हणते आणि त्याच वाक्यात ती चांगली तयार केलेली होती हेही सांगते. माझे लक्ष या दुसऱ्या शब्दांवर अडकते. तयार कोणी केली?

थोडे मागे जाऊ. 1857 च्या धामधुमीत इंग्रजांनी कॅप्टन नटॉलच्या हाताखाली महादेव कोळ्यांची 600 जणांची पलटण उभारली. तिच्यात मान होता तो कुळांच्या नाईकांना. बामळे कुळाचा जावजी नाईक त्यांत प्रमुख. डोंगर तुडवायला आणि कवायत शिकायला या माणसांना वेळ लागला नाही, असे साहेबांनीच लिहून ठेवले आहे. मार्च 1861 मध्ये गरज संपली आणि पलटण मोडली. माणसे घरी परतली ती राब जाळायला, भात-नाचणी करायला आणि सावकाराच्या दारात उभी राहायला. पुढची बारा वर्षे मला महत्त्वाची वाटतात. ज्यांनी कवायत पाहिली होती त्यांचे पुतणे-भाचे याच काळात मोठे झाले. होन्याला मी एकटा वीर मानत नाही. नाईकीची जुनी रीत आणि पलटणीची नवी शिस्त एकत्र आली, तिथे तो उभा राहिला.

होन्या गेला आणि 1878 चा जंगल कायदा आला. नाईकीतला अधिकार तोवर डोंगर ओळखण्यातून आला होता: कोणती वाट कुठे उतरते, कोणत्या कड्याखाली पाणी आहे. जंगल राखीव झाले आणि या ज्ञानाची किंमत गार्डाच्या मेहेरबानीवर येऊन ठेपली. पुढारपणाची जुनी शाळा अशी बंद पडली. नवी उघडायला पुढची साठ-सत्तर वर्षे गेली.

ती उघडली वसतिगृहांतून आणि आश्रमशाळांतून. जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीत 1939 मध्ये जन्मलेले डॉ. गोविंद गारे पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले. साहेबांनी ‘दरोडेखोर’ म्हणून नोंदवलेली माणसे त्यांनी आदिवासी वीर म्हणून पुन्हा लिहिली. स्वतःच्या समाजाचा इतिहास स्वतः लिहिणे हेही पुढारपणच. माझ्यासारख्या कॉलेज अर्धवट सोडलेल्या माणसाला महादेव कोळ्यांचा इतिहास पहिल्यांदा भेटला तो त्यांच्याच पुस्तकांतून.

पण आश्रमशाळांबद्दल मी सरसकट कौतुकाने बोलणार नाही. त्यांनी शिक्षक दिले, तलाठी दिले, पोलीस दिले. शिकलेला मुलगा घोडेगावला, मंचरला, नाहीतर चिंचवडला गेला तो दिवाळी-होळीलाच गावी दिसू लागला. त्यांचा खरा उपयोग वेगळाच झाला असे मला दिसते. भीमाशंकरच्या खोऱ्यातला मुलगा आणि नाणेघाटाकडचा मुलगा एका पंगतीत जेवले. दोन तालुक्यांच्या डोंगराला एक गाव समजणारी पिढी तिथे तयार झाली.

ती कामाला आली डिंभे धरणाच्या वेळी. कुकडी प्रकल्पातले हे धरण घोड नदीवर बांधले गेले. ज्या आंबेगावाचे नाव तालुक्याला आहे ते गावच पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, आंबेगाव उरले ते कागदावर. जलाशयाला नाव दिले हुतात्मा बाबू गेनूंचे. महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. नाव योग्यच आहे. पण हुसकून लावलेल्यांच्या पाण्याला आडवे पडणाऱ्याचे नाव, यातला उपरोध नाव देणाऱ्यांना जाणवला असेल का?

हे मी तटस्थपणे लिहू शकत नाही. आमचे रान आंबेगावच्या पूर्व भागात आहे आणि डिंभ्याच्या कालव्याचे पाणी त्यात खेळते. आमच्या बटाट्याची किंमत कोणी दिली ते मला माहीत आहे.

विस्थापितांमध्ये कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांनी ‘शाश्वत’ संस्थेच्या रूपाने ठाण मांडले. मोर्चे झाले, पण मला त्याहून मोलाचे वाटते ते हिशोबाचे काम. धरणाचे पाणी उन्हाळ्याकडे ओसरते आणि काठाची जमीन उघडी पडते. तिच्यावर केलेली शेती म्हणजे गाळपेर. ती कोणाला मिळावी, किती दिवसांसाठी, मासेमारीचा हक्क बाहेरच्या ठेकेदाराला की बुडालेल्या गावांच्या सहकारी संस्थेला, हे प्रश्न अर्ज, नकाशे आणि बैठकांनी लढवले गेले. दहावी-बारावी झालेल्या पोरांना सातबारा वाचता येऊ लागला, अधिकाऱ्यापुढे खुर्ची ओढून बसता येऊ लागले. संस्थेला पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्या पोरांना पुरस्कार नव्हता, पण ग्रामपंचायतीत त्यांना कोणी गप्प बसवू शकत नव्हते.

‘पडकई’चा उल्लेख इथे केलाच पाहिजे. उतारावर बांध घालून भाताची खाचरे करायची आणि हे काम एकमेकांच्या रानात आळीपाळीने करायचे, ही इथली जुनी रीत. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. कोणाचा बांध आधी घ्यायचा, आजाऱ्याच्या घरचा माणूस कमी पडला तर काय करायचे, हे ठरवणारा एक जण लागतो. त्याला पद नसते, पगार नसतो. ‘शाश्वत’ने पडकईला सरकारी योजनेत जागा मिळावी म्हणून पाठपुरावा केला, तेव्हा हेच लोक मस्टरवर नावे घालायला पुढे आले. पुढारी घडवायची शिबिरे पुण्यात पुष्कळ भरतात. पडकईच्या बांधावर जे शिकता येते ते तिथल्या फळ्यावर मावत नाही.

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ सर्वसाधारण आहेत. आदिवासी मते तिथे जिंकवू शकतात, पण आदिवासी उमेदवार उभा करणे कोणत्याही पक्षाला परवडत नाही. म्हणून 1996 चा पेसा कायदा इथे वजनदार ठरतो. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत सरपंचपद आदिवासींसाठी राखीव, आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. ग्रामसभेला जंगल-उपजावर अधिकार. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्यात भर घातली. होन्याच्या काळी नाईकी पुरुषाकडेच राहिली, आता नाईकाच्या जागी पंचविशीतली सून बसू शकते.

बसते का? काही गावांत सरपंचाचा नवरा सही करतो, हेही मी पाहिले आहे. पण हिरड्याच्या प्रश्नात वेगळे दिसले. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची झाडे मोडली. कोवळा बाळहिरडा वाळवून विकणे ही इथल्या घरांची रोख कमाई. सरकारी नियमांच्या चौकटीत हे झाड बसत नव्हते, म्हणून भरपाई नाकारली जात होती. किसान सभेच्या झेंड्याखाली जुन्नर-आंबेगावची माणसे पुन्हा पुन्हा रस्त्यावर आली. आणि रस्त्यावर येण्याआधी कोणाच्या बांधावर किती झाडे, त्यांतली मोडली किती, याच्या याद्या वह्यांतून तयार झाल्या होत्या. त्यांतल्या दोन मी चाळल्या. शाळेची रेघांची वही, निळी शाई, समासात लाल खुणा. अक्षर दोन्हीकडे मुलींचे होते. एकीत ज्याच्याशी घरच्यांचे वैर आहे त्याचीही सात झाडे मोजलेली होती.