विसार आणि सही

भगिनींनो, स्मरणिकेसाठी 'घरासंबंधी काही लिहा' असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले. त्यांच्या मनात बहुधा स्वयंपाकघराची मांडामांड असावी. मला मात्र घराचा विसार आठवला. 'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु विकत घ्यायच्या घराची बोलणी कशी करावी, विसार केव्हा द्यावा आणि त्याच्या पावतीवर सह्या कोणाच्या असाव्यात, हे आपल्याला कोणी शिकवीत नाही. म्हणून हा थोडा इतिहास, घरातला आणि बाहेरचाही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही. त्या दिवशी मी दहा वर्षांची होते. शनिवार पेठेतील आमची भाड्याची जागा पाण्याने नेली. आईच्या हातातल्या पाटल्या तेवढ्या वाचल्या, त्याही अंगावर होत्या म्हणून. पूरग्रस्तांसाठी पुढे गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती झाल्या. पण वडिलांच्या मनाने घेतले की, आता भाड्याने राहणे नको, उंचावरच्या सदाशिव पेठेत स्वतःचे घर घ्यायचे.

एका मध्यस्थाने जुने दुमजली घर दाखविले. दोघे भाऊ विकणार होते. चौदा हजारांवर बोलणी थांबली आणि मध्यस्थ म्हणाला, "दुसरे गिऱ्हाईक उद्या येते आहे, आजच विसार द्या." आईने पाटल्या काढून दिल्या. त्या मोडून एक हजार एक रुपये विसार गेला. पावतीवर रेव्हेन्यू तिकीट लावून दोन्ही भावांनी सह्या केल्या. घेणार म्हणून नाव वडिलांचे. आईचे नाव कोठेच नव्हते, आणि त्यात काही उणे आहे असे त्या वेळी कोणाला वाटलेही नाही, तिलाही नाही.

चार दिवसांनी आई मला घेऊन ते घर पाहायला गेली. मोरी कोठे आहे, नळाला पाणी किती वेळ येते, चुलीचा धूर कोठून जातो, हे पुरुष पाहत नाहीत, असे तिचे म्हणणे. माजघरात एक बाई तांदूळ निवडीत बसल्या होत्या. थोरल्या भावाच्या त्या पत्नी; यजमान १९५८ साली वारलेले. आईने सहज विचारले, "तुम्ही आता कोठे राहायला जाणार?" त्या बाई आईकडे पाहतच राहिल्या. "का बरे? घर कोणी विकले?"

परतताना आई वाटभर बोलली नाही. रात्री वडिलांना म्हणाली, "अहो, तो विसार परत मागा. त्या बाईंना न सांगता घेतलेल्या घरात मला दिवा लावायचा नाही."

आईला कायदा ठाऊक नव्हता, पण कायदा तिच्याच बाजूचा होता. १७ जून १९५६ पासून हिंदू उत्तराधिकार कायदा अमलात आला होता. त्यानुसार पतीच्या पश्चात त्याच्या हिश्श्यात पत्नी ही वारस झाली होती, आणि तीही केवळ हयातीपुरती नव्हे, तर पूर्ण मालक म्हणून. १९३७ च्या कायद्याने विधवेला हिस्सा दिला होता, पण तो मर्यादित स्वरूपाचा; तो कमीपणा १९५६ ने काढून टाकला. म्हणजे त्या दोन दिरांना आपल्या वहिनीच्या सहीवाचून सबंध घर विकता येत नव्हते.

मध्यस्थ म्हणू लागला, "तुम्ही माघार घेता, विसार बुडाला." ओळखीच्या वकिलांनी समजावून सांगितले ते मला पुढे नीट कळले. व्यवहार पुरा झाला तर विसार किमतीत धरतात. घेणाऱ्याच्या चुकीने मोडला तर तो जप्त होतो. १९२६ साली प्रिव्ही कौन्सिलने हेच सूत्र सांगितले आहे. पण येथे चूक देणाऱ्यांची होती. सबंध घर त्यांचे नव्हतेच. शिवाय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे केवळ विक्रीच्या कराराने घरावर हक्क निर्माण होत नाही. मालकी येते ती नोंदणी झालेल्या खरेदीखताने. विसारपावती हा व्यवहाराच्या बोलीचा पुरावा. ती घर नव्हे.

वर्षभरात तीन हप्त्यांनी पैसे परत मिळाले, दलाली तेवढी बुडाली. पाटल्या काही पुन्हा झाल्या नाहीत. १९६४ साली आम्ही दुसरे घर घेतले, त्या वेळी वडिलांनी प्रत्येक वारसाची सही पाहून घेतली. मात्र खरेदीखतावर घेणार म्हणून नाव एकट्या वडिलांचेच लागले. दुसऱ्या घरच्या बाईची सही आईमुळे आठवली, पण घरच्या बाईची राहिली ती राहिलीच.

त्यानंतर काळ पालटला. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने बांधकाम करणाऱ्यावर बंधन घातले की, नोंदणीकृत करार केल्यावाचून किमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम घ्यायची नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने ती मर्यादा दहा टक्क्यांवर आणली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांबरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली व केंद्राने २००५ साली दिला. म्हणून आज जुने घर घेताना बहिणींच्याही संमतीची चौकशी करावी लागते. १ एप्रिल २०२१ पासून राज्याने स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. प्रथम पंधरा वर्षे ते पुरुषाला विकू नये अशी अट होती, ती २०२३ साली काढली.

त्याच सवलतीत माझ्या लेकीने २०२१ साली घर घेतले. विसार देण्यापूर्वी तिने मालमत्ता पत्रक काढले, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेतला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकतींसाठी चौदा दिवस वाट पाहिली. विकणाऱ्या कुटुंबातील सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या, लेक त्यांच्या उशाशी बसून "आजी, तुमची राजीखुशी आहे ना?" असे विचारून आली. हे तिला वकिलाने सांगितले नव्हते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत साक्षीदार म्हणून मी सही केली. घराच्या कोणत्याही कागदावर झालेली ती माझी पहिली सही, वयाच्या सत्तराव्या वर्षी.

भगिनींनो, आपल्यापैकी कितीजणींनी राहत्या घराचे खरेदीखत वाचले आहे? माझी सूचना आहे की, मंडळाने वर्षातून एक दुपार यासाठी ठेवावी. ज्येष्ठ वकीलबाईंना बोलवावे आणि प्रत्येकीने आपल्या घराच्या कागदांची एक नक्कल बरोबर आणावी. १९६१ ची ती विसारपावती माझ्या ट्रंकेत अजून आहे. पहिल्या दुपारी वाचायला मी तीच घेऊन येईन.