धुवायला न लागणारं पान

१९७०चं दशक, जर्मनीतलं हायडेलबर्ग. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्हेल्म बार्थलॉट हे तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक पानं तपासताहेत. तुमच्याकडे पानं धुवायचं काम आलंय, कारण वरची धूळ राहिली की चित्र खराब येतं.

गुळगुळीत पानं धुताना हात दुखून येतात. खरखरीत, मेणचट पानं मात्र आधीच स्वच्छ. तुम्ही चक्रावता. घरी खडबडीत फरशीत मळ बसतो आणि घोटीव फरशी एका पुसण्यात स्वच्छ होते, असंच तर आजवर पाहिलंय!

कमळाच्या पानाचा तुकडा यंत्रात जातो. पडद्यावर सूक्ष्म उंचवट्यांची दाटी उभी राहते. एकेक उंचवटा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा आणि त्याच्या अंगभर मेणाच्या त्याहून कितीतरी बारीक नळ्या. मधल्या फटींत हवा. थेंबाला टेकायला नुसती टोकं मिळतात, म्हणून तो पसरत नाही, गोल राहून घरंगळतो. धूळही टोकांवरच अडकलेली, तिची पकड कच्ची; जाता जाता थेंब तिला उचलून नेतो. अळवावरचं पाणी तुम्ही लहानपणापासून पाहिलंत, त्याच्या मुळाशी अशीच रचना आहे.

१९७७ साली हे निरीक्षण छापून येतं. पुढे? वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथातली गोष्ट रंग आणि कापड बनवणाऱ्यांच्या टेबलावर पोचणार तरी कशी? मला तो मधला काळ फार खुणावतो.

आता तुम्ही १९९०च्या दशकात, बॉनमध्ये आहात. बार्थलॉट तुमच्या हाती एक चमचा देतात. त्याचा पृष्ठभाग मुद्दाम सूक्ष्म खडबडीत केलेला. मध घेऊन तो तिरका करा: सगळा मध ओघळून जातो, चाटायलाही उरत नाही. १९९७ साली क्रिस्टोफ नाइनहुइस यांच्यासोबतचा त्यांचा शोधनिबंध ‘प्लांटा’ या नियतकालिकात येतो आणि १९९९मध्ये ‘लोटुसान’ हा बाहेरच्या भिंतींचा रंग बाजारात. पावसाने भिंत धुऊन निघावी, ही त्यामागची कल्पना.

कापडासाठी २००८चं झुरिक गाठा. तिथल्या विद्यापीठात स्टेफान सीगर यांच्या गटाने पॉलिएस्टरच्या धाग्यांवर सिलिकोनचे अतिसूक्ष्म तंतू वाफेतून वाढवलेत. कापड पाण्यात बुडवा. तंतूंमध्ये धरलेल्या हवेचा थर चंदेरी चमकतो. दोन महिने पाण्याखाली ठेवूनही ते कोरडं निघतं, तेही फ्लोरिनयुक्त रसायनांशिवाय. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण रेनकोटांवरची तसली रसायनं पाण्यात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतात.

पण तेच कापड जोरात घासा. तंतू झिजतात आणि थेंबाचं घरंगळणं कमी होतं. कमळाचं पान खरवडलं गेलं, तर ते आतून नवं मेण पाझरवून नळ्या पुन्हा उभ्या करतं. त्या कापडाला अशी दुरुस्ती स्वतःहून जमत नाही.