नकोसं टपाल आणि काळी यादी

मागच्या आंब्याच्या हंगामात देवगडहून माझ्या भाच्याचा फोन आला. "मामा, मेल जातच नाहीत. नेहमीच्या गिऱ्हाइकांना पाठवलेलेसुद्धा परत येतायत." घरच्या हापूसच्या पेट्या तो परस्पर मुंबई-पुण्याला पाठवतो. चारशेएक घरं त्यानं कष्टानं बांधलेली. परत आलेल्या मेलच्या तळाशी लिहिलं होतं, की पाठवणारा सर्व्हर काळ्या यादीत आहे. जरा खोदून विचारलं तेव्हा कळलं, की त्यानं कुणाकडून तरी वीस हजार पत्ते विकत घेतले होते आणि एका रात्रीत सगळ्यांना मेल धाडले होते. "पण मी खरा आंबा विकतोय. कुणाला फसवलं का?" असं त्याचं म्हणणं.

त्याचा प्रश्न नवा नाही. जवळजवळ पन्नास वर्षं तो विचारला जातो आहे.

मे १९७८. इंटरनेट अजून जन्माला यायचं होतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चालणारं 'अर्पानेट' नावाचं संगणकांचं एक जाळं होतं. विद्यापीठं आणि संशोधन संस्थांतली मोजकी मंडळी ते वापरत. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या विक्री विभागातले गॅरी थर्क यांनी छापील निर्देशिकेतून सुमारे चारशे पत्ते काढले आणि कंपनीच्या नव्या संगणकांचं प्रात्यक्षिक पाहायला या, असं एकच निमंत्रण सगळ्यांना धाडलं. पत्ते इतके, की पत्त्याच्या रकान्यात मावेनात. ते ओसंडून मजकुरात उतरले. तक्रारींचा पाऊस पडला. जाळ्याची देखभाल करणाऱ्यांनी कंपनीला कडक समज दिली. थर्क यांचं म्हणणं मात्र, त्यातून कंपनीचे संगणक खपले. संगणक खरे होते, निमंत्रण खरं होतं, फसवणूक कुठेच नव्हती. तरीही लोक चिडले, कारण ते कुणी मागितलं नव्हतं.

दुसरा प्रसंग एप्रिल १९९४चा. ॲरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील दांपत्यानं 'ग्रीन कार्ड'च्या सोडतीची जाहिरात 'यूजनेट'वरच्या हजारो चर्चागटांत एका दमात टाकली. चर्चा कशाचीही असो, मध्ये ही जाहिरात. संतापलेल्या लोकांनी इतकी उत्तरं पाठवली, की त्यांना इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपनीचा संगणकच कोलमडला आणि तिनं त्यांची जोडणी तोडली. अशा माऱ्याला 'स्पॅम' हे नाव याच सुमारास रूढ होत होतं. मूळचं ते डबाबंद मांसाचं, १९३७पासूनचं नाव. 'माँटी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळींच्या १९७०च्या एका प्रहसनात हॉटेलातल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात तेच मांस असतं. नको म्हटलं तरी सुटका नाही. नाव अगदी चपखल बसलं.

१९९७मध्ये कॅलिफोर्नियात पॉल व्हिक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय काढला. आपल्या संस्थेचं नाव त्यांनी 'मॅप्स' ठेवलं. इंग्रजीत ते उलटं वाचलं की 'स्पॅम' होतं. त्यांनी केलं ते इतकंच, की नकोसं टपाल सोडणाऱ्या यंत्रांच्या क्रमांकांची यादी बनवली आणि ती कुणालाही क्षणात विचारता येईल अशी ठेवली. सोसायटीच्या फाटकावर वॉचमनजवळ वही असते, तसं हे. आत सोडायचं की नाही हे सोसायटी ठरवते. वही फक्त सांगते, की हा इसम आधी कुठे त्रास देऊन आला आहे. १९९८मध्ये लंडनला स्टीव्ह लिनफर्ड यांनी 'स्पॅमहाउस' सुरू केलं. अशा याद्यांत आज त्याचं नाव सर्वांत दबदब्याचं आहे.

पण कुणाच्याही धंद्याचा मार्ग अडवण्याचा अधिकार या मंडळींना दिला कुणी? अमेरिकेतल्या 'ई-थ्री-सिक्स्टी' या ई-मेल जाहिरात कंपनीनं हाच सवाल कोर्टात नेला. स्पॅमहाउसनं खटला अर्ध्यावर सोडला, तेव्हा २००६मध्ये कोर्टानं एक कोटी सतरा लाख डॉलरची भरपाई ठोठावली. पुढे अपिलं झाली. नुकसानीचा धड हिशेब कंपनीला मांडता येईना. २०११मध्ये अपील न्यायालयानं भरपाई किती ठेवली? तीन डॉलर!

त्याआधी, २००३च्या अखेरीस, अमेरिकेनं स्पॅमविरोधी कायदा केला होता. त्यात जाहिरातीचा मेल आधी न विचारता पाठवायला मुभा आहे. मात्र खोटं नाव वा फसवा विषय नको, स्वतःचा टपालाचा पत्ता हवा आणि नाव काढा म्हटलं की काढलं पाहिजे. काळी यादी मात्र याहून वेगळा प्रश्न विचारते : ज्याला पाठवलं, त्यानं ते मागितलं होतं का? मजकूर खरा की खोटा, माल चांगला की वाईट, हा तिचा विषयच नाही. माझा भाचा अडकला तो इथेच.

आणि यादीवाल्यांना कळतं कसं? एक तर वाचणारा 'स्पॅम'चं बटण दाबतो. दुसरं म्हणजे सापळे. कुणाही माणसाचे नसलेले काही पत्ते मुद्दाम पेरून ठेवलेले असतात. असा पत्ता कधी कुणाकडे आंबे मागणार नाही. त्यावर मेल आला, की पाठवणाऱ्यानं पत्ते कुठून तरी उचलले किंवा विकत घेतले हे उघड होतं. विकतच्या यादीत असे पत्ते हमखास निघतात.

यात निरपराधही भरडले जातात, हे नाकारून चालणार नाही. भाच्याच्या सर्व्हरवरून आणखी कितीतरी छोट्या व्यावसायिकांचे मेल जात होते, त्यांचेही अडले. त्यांना कारणसुद्धा ठाऊक नव्हतं.

फेब्रुवारी २०२४पासून तर गूगल आणि याहू यांनी नियमच घातले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांवर मेल धाडणाऱ्यानं आपली ओळख तांत्रिक खुणांनी पटवायची, एका टिचकीत नाव काढायची सोय द्यायची आणि तक्रारींचं प्रमाण हजारात तीनपर्यंत जाऊ द्यायचं नाही. हजार माणसांत तिघं! गॅरी थर्क यांच्या चारशेंपैकी दोघांनी तक्रार केली असती, तरी ते या मर्यादेबाहेर गेले असते.

भाच्याला मी सांगितलं, की ती वीस हजारांची यादी आधी फेकून दे. मग सर्व्हर चालवणाऱ्यांना काय झालं ते खरंखरं लिही आणि नाव काढायचा अर्ज त्यांना करू दे. स्पॅमहाउस यासाठी पैसे घेत नाही; पैसे मागणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागू नकोस. नवं गिऱ्हाईक आलं की 'मेल पाठवू का?' असा एक मेल जाऊ दे. त्यानं हो म्हटलं तरच पत्ता वहीत घे. जो वर्षानुवर्षं उत्तर देत नाही, त्याचं नाव आपणहून काढ.

"मामा, अशानं यादी वाढणार कधी?" तो कुरकुरला. यंदा त्याच्या वहीत साडेचारशे नावं आहेत. वर्षभरात पन्नासच वाढली, पण ती सगळी विचारून घेतलेली. त्यानं पेट्या सुटल्याचा पहिला मेल पाठवला, तेव्हा तो माझ्याही पत्त्यावर आला. मलाही त्यानं आधी विचारलं होतं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)