तिसरा ब्रास

गेल्या महिन्यात बाबांच्या जुन्या वह्या आवरत होतो. त्यात 1997 सालची एक लाल कापडी बांधणीची वही निघाली. रोजच्या खेपांचा हिशेब. तारीख, डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता आणि शेवटच्या रकान्यात वाळू. 3 ब्रास, 3 ब्रास, 3 ब्रास... पानंच्या पानं. त्या वर्षी मी बारावीला होतो. माझ्या क्लासची फी याच रकान्यातून आली.

आमचा टिपर सहा चाकी होता. पुढे दोन टायर, मागे चार. दौंडकडून भीमेची वाळू पुण्याला न्यायचा. ज्यांनी कधी घर बांधलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, ब्रास म्हणजे शंभर घनफूट. वाळू, खडी, मुरूम हे सगळं आपल्याकडे ब्रासवर विकलं जायचं. गिऱ्हाईक हौदा किती भरलाय ते बघायचं. किलो कोणी विचारायचं नाही.

कायदा मात्र किलोच विचारतो. 1988 चा मोटार वाहन कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला आणि ऑक्टोबर 1996 मध्ये केंद्र सरकारने ॲक्सलनुसार वजनाच्या मर्यादा जाहीर केल्या. पुढच्या दोन टायरच्या ॲक्सलला 6 टन, मागच्या चार टायरच्या ॲक्सलला 10.2 टन. म्हणजे आमच्या टिपरला भरलेल्या गाडीसकट 16.2 टन. दहा चाकी गाडीला मागच्या जोड ॲक्सलवर 19 आणि एकूण 25.

आता गणित करा. रिकामा टिपर साडेसहा टनांचा धरला तर उरतात पावणेदहा टन. कोरडी वाळू ब्रासला साधारण साडेचार टन भरते. दोन ब्रास झाले की विषय संपला. तिसरा ब्रास अख्खा बेकायदा, आणि नदीतून नुकती उपसलेली वाळू ओली, म्हणजे आणखी जड. त्यासाठी बाबांनी हौद्याला वरून फळ्या ठोकल्या होत्या. सगळेच ठोकायचे.

एकूण वजन सोडून ॲक्सलवर एवढा जोर का, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ 1958 ते 1960 या काळात मुद्दाम रस्ते बांधून एक मोठी चाचणी झाली. सैनिक वेगवेगळ्या वजनाचे ट्रक घेऊन त्याच त्या रस्त्यावर घिरट्या घालत राहिले, रस्ता फुटेपर्यंत. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की ॲक्सलवरचा भार दुप्पट केला तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, सोळापट होतं. भाराचा चौथा घात. रस्त्याला गाडीचं एकूण वजन कळतच नाही, एका ॲक्सलखाली किती आलं तेवढंच कळतं. म्हणून भरपूर ॲक्सलचा लांबलचक ट्रेलर मर्यादेत भरलेला असेल, तर तो रस्त्याला आमच्या सहा चाकीपेक्षा सौम्य वागवतो. तीन ब्रास कोरड्या वाळूने आमच्या मागच्या ॲक्सलवर 10.2 ऐवजी 14 टन येत होते. नुकसान साडेतीन पट. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या खड्ड्यांना बाबा आयुष्यभर शिव्या देत आले. असो.

फक्त आमच्या घरालाच दोष का द्यायचा? काही राज्य सरकारं तर ठरावीक रक्कम घेऊन जादा भार नेण्याची रीतसर मुभाच देत होती. म्हणजे दंड हा दंड न राहता भाड्यासारखा झाला. 9 नोव्हेंबर 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे बंद केलं. पैसे भरले म्हणून जादा भार घेऊन पुढे जाता येणार नाही, आधी तो उतरवावा लागेल, असा निकाल दिला.

आमच्या मामांना त्याचा उपयोग नव्हता. मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर. सख्खे नव्हेत, पण भाऊबीजेला आईकडे यायचे. 1998 च्या पावसाळ्यात एका बांधकामावर वाळू उतरवताना त्यांनी हौदा उचलला. ओली वाळू खाली सरकलीच नाही, वरच्या टोकाला चिकटून राहिली. सगळं वजन उंचावर गेलं, मागचं एक चाक भुसभुशीत जमिनीत दबलं आणि टिपर आडवा झाला. मामांचा उजवा पाय कायमचा गेला. दवाखान्याचा खर्च बाबांनी केला, हे खरं आहे. पण घरात गोष्ट सांगितली गेली ती अशी: "जमीन न बघता हौदा उचलला." पंचवीस वर्षं मीही तीच सांगत आलो.

पुढे कायदा बदलत गेला. जुलै 2018 मध्ये मर्यादाच वाढवल्या. आमच्यासारख्या मागच्या ॲक्सलला 10.2 चे 11.5 टन झाले, सहा चाकी 18.5 वर गेली, दहा चाकी 25 वरून 28.5 वर. पूर्वी कलम 194 खाली दोन हजार रुपये आणि जादा टनामागे एक हजार असा दंड होता. 1 सप्टेंबर 2019 पासून तो वीस हजार आणि जादा टनामागे दोन हजार झाला. पण आकड्यांपेक्षा त्या कलमाची सुरुवात मला जास्त बोचते, आणि ती आधीपासून तशीच आहे. दोषी कोण? गाडी चालवणारा, चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा. मामा पहिले. बाबा दुसरे. तिसरा कोण, हे त्या लाल वहीसमोर बसल्यावर वेगळं सांगायला नको. बारावीतल्या मुलावर कायदा बोट ठेवणार नाही, पण मला ठाऊक आहे.

वही घेऊन बाबांकडे गेलो. त्यांना आता कमी दिसतं, म्हणून रकाना वाचून दाखवला आणि गणितही सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मामा त्या दिवशी म्हणाला होता, शेठ, वाळू ओली आहे, दोनच भरू."

मी विचारलं, "मग?"

"मग काय? तू लिहिलेलं वाचलंस ना. तीन."

आत्या, काका, तुम्ही हे वाचाल तेव्हा रागवाल, घरातलं बाहेर कशाला म्हणून. पण मामांची नात आता इंजिनिअरिंगला आहे. तिलाही घरून हेच ऐकायला मिळालं असेल, की आजोबांची चूक झाली. दिवाळीत वही घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. बाबाही येतो म्हणालेत.