ख्रिस्ती समाज आणि मतदान : राखीव जागांपासून एकाच मतदार यादीपर्यंत

बरगी (जबलपूर) : ख्रिस्ती व्यक्तीने राजकारणात सक्रिय भाग घ्यावा का आणि मतदान हे तिचे धार्मिकदृष्ट्याही कर्तव्य आहे का, हे प्रश्न प्रत्येक निवडणुकीच्या आधी नव्याने चर्चेत येतात. नर्मदेवरील धरणामुळे देशाला परिचित असलेल्या बरगीसारख्या विधानसभा मतदारसंघात त्यांना वेगळे वजन प्राप्त होते. समाजाची संख्या जेथे अत्यल्प आहे, तेथे मताचा उपयोग काय, अशी शंका त्यामागे असते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ७८ लाख ख्रिस्ती होते. एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण २.३ टक्के होते. नागालँड आणि मिझोराममध्ये हे प्रमाण ८७ टक्क्यांच्या पुढे, गोव्यात सुमारे २५ टक्के, महाराष्ट्रात ०.९६ टक्के, तर मध्य प्रदेशात अवघे ०.२९ टक्के होते. मध्य प्रदेशातील २ लाख १३ हजार ख्रिस्ती नागरिक विधानसभेच्या २३० जागांवर समान विभागले, तर प्रत्येक मतदारसंघाच्या वाट्याला लहान मुलांसह हजाराहूनही कमी जण येतात. केवळ स्वसमाजाच्या मतांवर येथे कोणीही निवडून येऊ शकत नाही.

स्वतंत्र मतदारसंघांचा वाद

भारतीय ख्रिस्ती समाजाचा राजकारणाशी असलेला संबंध जुना आहे. राष्ट्रीय सभेच्या १८८९ च्या मुंबई अधिवेशनात पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. समाजाने वेगळा मतदारसंघ मागावा की सर्वांबरोबर मतदान करावे, या प्रश्नावर १९३० च्या दशकात त्याच्या नेत्यांमध्ये उघड मतभेद झाले. गोलमेज परिषदेत के. टी. पॉल यांनी स्वतंत्र मतदारसंघांना विरोध केला, तर ए. टी. पन्नीरसेल्वम यांनी त्यांचे समर्थन केले.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने स्वतंत्र जागा दिल्या. मद्रास प्रांतात भारतीय ख्रिस्तींसाठी ८ आणि मुंबई प्रांतात ३ जागा ठेवण्यात आल्या. जबलपूर ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होते, तेथील ११२ जागांच्या विधानसभेत मात्र भारतीय ख्रिस्तींसाठी एकही जागा नव्हती. या भागातील ख्रिस्ती मतदार त्या काळातही इतरांबरोबरच मतदान करीत होते.

संविधान सभेतील निर्णय

संविधान सभेने १९४७ मध्ये स्वतंत्र मतदारसंघ रद्द केले. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी काही राखीव जागा ठेवण्याचा प्रस्ताव तेव्हा कायम होता. मे १९४९ मध्ये तोही मागे घेण्यात आला. संविधान सभेचे उपाध्यक्ष आणि अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते. त्यांनी आणि जेझुइट धर्मगुरू जेरोम डिसोझा यांनी राखीव जागा सोडण्यास पाठिंबा दिला. मध्य प्रांत व वऱ्हाडातून संविधान सभेवर गेलेल्या राजकुमारी अमृत कौर याही ख्रिस्ती होत्या. पुढे त्या देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या.

या निर्णयाचे कायदेशीर रूप संविधानाच्या अनुच्छेद ३२५ मध्ये आढळते. प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण मतदार यादी असेल आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणावरून कोणालाही तीतून वगळता येणार नाही, अशी त्याची तरतूद आहे. अनुच्छेद ३२६ प्रौढ मताधिकार देतो. बरगीतील ख्रिस्ती मतदाराचे नाव शेजाऱ्याच्याच यादीत असते, ते या तरतुदींमुळे.

जबलपूरचा अपवाद

या व्यवस्थेला एकच अपवाद ठेवण्यात आला आणि त्याचा जबलपूरशी निकटचा संबंध आहे. अँग्लो-इंडियन समाजाचे नेते आणि संविधान सभेचे सदस्य फ्रँक अँथनी यांचा जन्म १९०८ मध्ये जबलपूरला झाला. रेल्वेमुळे या शहरात अँग्लो-इंडियन वस्ती मोठी होती. अनुच्छेद ३३१ नुसार लोकसभेवर या समाजाचे दोन सदस्य नामनिर्देशित करण्याची सोय होती, तर अनुच्छेद ३३३ नुसार राज्य विधानसभांवर तशी सोय होती. मध्य प्रदेश विधानसभेत २३० निर्वाचित सदस्यांखेरीज अशी एक जागा होती. अँथनी स्वतः अनेक वेळा लोकसभेचे नामनिर्देशित सदस्य होते.

१०४ व्या घटनादुरुस्तीने ही तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपुष्टात आली. २०११ च्या जनगणनेत देशात केवळ २९६ अँग्लो-इंडियन असल्याचे सरकारने संसदेत सांगितले. समाजाच्या प्रतिनिधींनी हा आकडा अमान्य केला. तेव्हापासून ख्रिस्ती समाजातील कोणत्याही घटकासाठी धर्म किंवा समुदाय म्हणून सभागृहात राखून ठेवलेली जागा उरलेली नाही.

अनुसूचित जमातींचा विषय वेगळा आहे. धर्मांतरानंतरही जमातीचा दर्जा कायम राहत असल्याने आदिवासी ख्रिस्ती व्यक्ती त्या प्रवर्गाच्या राखीव जागेवरून निवडणूक लढवू शकते. जबलपूर जिल्ह्यातील सिहोरा हा असा राखीव मतदारसंघ आहे. अनुसूचित जातींबाबत मात्र १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला हा लाभ मिळत नाही.

कायद्याची मर्यादा

ख्रिस्ती नागरिकाला पक्षात काम करण्याचा, उमेदवार होण्याचा आणि प्रचाराचा पूर्ण अधिकार आहे. मात्र लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ नुसार धर्माच्या नावावर मते मागणे हा भ्रष्टाचार ठरतो. दैवी कोपाची किंवा धार्मिक बहिष्काराची भीती दाखवून मतदाराला वळवणे हेही त्याच कलमाच्या कक्षेत येते. सर्वोच्च न्यायालयाच्या सात सदस्यीय घटनापीठाने २ जानेवारी २०१७ रोजी अभिराम सिंह प्रकरणात, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, उमेदवाराबरोबरच मतदाराच्या धर्माच्या आधारे केलेले आवाहनही निषिद्ध ठरवले. हा खटला मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीतून उद्भवला होता. प्रार्थनास्थळांच्या प्रचारासाठी होणाऱ्या वापरावर आदर्श आचारसंहितेचीही बंदी आहे.

चर्चची भूमिका

कॅथलिक चर्च सामान्य श्रद्धावान आणि धर्मगुरू यांच्यात फरक करते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मतदान हा नागरिकांचा हक्क आणि कर्तव्य असल्याचे सांगितले. १९८३ च्या धर्मविधी संहितेने मात्र धर्मगुरूंना शासकीय सत्तेची पदे स्वीकारण्यास मनाई केली असून, राजकीय पक्षातील त्यांचा सक्रिय सहभागही अपवादात्मक परिस्थितीपुरता मर्यादित ठेवला आहे.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे याचे मराठी वाचकांना परिचित उदाहरण आहे. हरित वसई चळवळीतून त्यांनी जमीन, पाणी आणि पर्यावरणाच्या प्रश्नांवर सर्व धर्मांच्या लोकांना एकत्र आणले. मिझोराममध्ये चर्चच्या पुढाकाराने २००६ मध्ये स्थापन झालेले मिझोराम पीपल्स फोरम निवडणुकीतील पैशाच्या वापरावर आणि गैरप्रकारांवर लक्ष ठेवते.

सर्वच ख्रिस्ती पंथ मतदानाच्या बाजूचे नाहीत. यहोवाचे साक्षीदार राजकीय तटस्थतेच्या भूमिकेतून मतदान टाळतात. भारतात मतदान सक्तीचे नसल्याने कायदा त्यांना तसे करण्यास मोकळीक देतो.

अल्पसंख्येच्या मताचे मोल

मतांची संख्या पुरेशी असेल, तेथे तिचा परिणाम थेट दिसतो. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातील जनमत कौलात विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. विलीनीकरणविरोधी पक्षाचे नेते जॅक सिक्वेरा होते. त्यांच्यामागे ख्रिस्ती मतदार मोठ्या संख्येने उभे राहिले, मात्र हिंदू मतदारांचा एक भाग सोबत आल्याशिवाय हा निकाल शक्य नव्हता.

त्याच वर्षी दक्षिण मुंबईतून स. का. पाटील यांचा पराभव करणारे जॉर्ज फर्नांडिस ख्रिस्ती कुटुंबात जन्मले होते आणि काही काळ त्यांनी धर्मगुरूपदाचे शिक्षणही घेतले होते. त्यांना निवडून आणले ते कामगार आणि सर्वसामान्य मतदारांनी. १९७७ मध्ये ते बिहारमधील मुझफ्फरपूरमधून तुरुंगात असतानाच विजयी झाले.

मध्य प्रदेशात हा प्रश्न कायदेनिर्मितीशीही जोडलेला आहे. राज्याने १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्य कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात तो वैध ठरवला. २०२१ मध्ये त्याची जागा अधिक कठोर कायद्याने घेतली. धर्मांतरापूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना सूचना देणे त्यात बंधनकारक करण्यात आले. संबंधित कलम १० बाबत जबलपूर येथील उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अंतरिम आदेश देऊन, स्वेच्छेने विवाह करणाऱ्या प्रौढांवर कारवाई करण्यास राज्याला मनाई केली. ख्रिस्ती समाजाच्या जीवनाला स्पर्श करणारे असे कायदे ज्या विधानसभेत संमत होतात, तिचे सदस्य निवडण्याचा मार्ग एकच मतदार यादी हाच आहे.

बरगीतील अनेक प्रश्नांना धर्माची सीमाही नाही. धरणामुळे दीडशेहून अधिक गावे बाधित झाली आणि विस्थापितांत गोंड आदिवासींचे प्रमाण मोठे होते. पुनर्वसन, सिंचन, जमीन आणि रोजगार या विषयांवर ख्रिस्ती मतदाराचे हित त्याच्या शेजाऱ्यापेक्षा वेगळे नसते. अशा मतदारसंघात अल्पसंख्य समाजाचा प्रभाव त्याच्या संख्येपेक्षा या समान प्रश्नांवरील सहभागावर अवलंबून राहतो. राखीव जागा सोडताना १९४९ मध्ये समाजाच्या प्रतिनिधींनी याच सहभागाची अपेक्षा धरली होती.